झाडं ठीक आहेत

सकाळी गच्चीत गेले तर माती ओली. ओली असणारच, धाकट्या मुलाने ठिबक लावून दिलंय त्यालाही आता बरेच दिवस झाले. पण हात सवयीने नळाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. मग तशीच उभी राहिले, रिकाम्या हातांनी, आपल्याच गच्चीत पाहुण्यासारखी. एवढंच झालं. एवढ्याशावरून दिवसभर काही सुचू नये म्हणजे कमाल आहे.

आधी हे लिहून टाकते की झाडं छान आहेत. नाहीतर पुढे कधी वाचताना मलाच वाटायचं की काहीतरी वाळलं होतं म्हणून हे रडगाणं. काही वाळलेलं नाही. छाटणीनंतर मोगऱ्याला जोमदार फुटवा आलाय, नव्या फांद्यांच्या शेंड्यांवर कळ्यांचे झुबके आहेत. जास्वंदीचं रोज एखाद-दुसरं फूल उमलतं आणि दिवस सरता सरता मिटतं. अबोलीकडे बघून तर कोणीही म्हणेल, या घरात कोणीतरी जीव लावून पाणी घालतं. ते कोणीतरी म्हणजे नळाला अडकवलेला टायमरचा एक हिरवा डबा. सकाळी सहाला 'टक्' करतो, काही मिनिटांनी पुन्हा 'टक्', झालं काम.

धाकटा फोनवर विचारतो, "झाडं ठीक ना?" मी म्हणते, "ठीक." त्या 'ठीक'मध्ये माझं काही नाही. हेच टोचतंय.

त्याच्यावर रागावू तरी कशी? कंबर धरते, झारी उचलवत नाही, हे मीच सांगत होते. दर फोनला. त्याने ऐकलं, आला, नळ्या कापल्या, दुपारभर उन्हात बसून एकेक ड्रिपर बसवला. आता कुठल्या तोंडाने सांगू की माणूस तक्रार करतो ती कोणी ऐकावी म्हणून, मिटवावी म्हणून नव्हे? ह्यांनाही ते कधी कळलं नाही. असो.

मग मी यंत्रात खोट काढायला बसले. म्हटलं, हा डबा सगळ्यांना एकाच मापाने पाजतो. मोगरा आणि सदाफुली यांना काय एकच माप? तर ते खोटं निघालं. धाकट्याने कमी-जास्त करता येणारे ड्रिपर बसवलेत, प्रत्येक कुंडीचा थेंब वेगळा. सदाफुलीचा अगदी कंजूष, जास्वंदीचा भरघोस. माझ्याकडूनच विचारून घेतलं होतं त्याने, कोणाला किती. म्हणजे माझी सगळी अक्कल आधीच त्या नळ्यांत गेली आहे.

मग म्हटलं, डबा माती चाचपून बघत नाही. हे मात्र खरं. पाणी घालण्यातलं अर्धं काम पाणी न घालण्याचं असतं. बोट दोन पेरं मातीत खुपसायचं. वरचा थर कोरडा आणि आत गारवा लागला तर त्या कुंडीला आज सुट्टी. वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची असणं, बोटालाच कळतो. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतली सगळी पोकळी पाण्याने भरली की मुळं गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही म्हणून पानं माना टाकतात. वरून बघणाऱ्याला वाटतं, बिचारं तहानलंय, आणि तो आणखी ओततो. दुपारच्या उन्हात पानं नुसती मलूल होतात तेही तसंच. माती ओली असेल तर संध्याकाळी ती आपली आपण सावरतात, मध्ये धावून जायचं काही कारण नसतं. कोकोपीट, म्हणजे कुंडीतला नारळाच्या काथ्याचा भुसा, फार वाळलं तर कडेने फट पडते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली ताटलीत. बघणारा खूश की झाड पोटभर प्यालं, आतला गोळा मात्र कोरडा ठणठणीत.

शिवाय कुंडी किंचित तिरपी करून वजनाचा अंदाज घ्यायचा, ही माझी खास परीक्षा. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने तेच काम तराजूवर केलं होतं. साडेतीन फुटांच्या सूर्यफुलाची कुंडी वरून झाकली, म्हणजे मातीतून वाफ जायला नको, आणि सकाळ-संध्याकाळ तोलत बसला. दिवसाच्या बारा तासांत झाड पानांवाटे साधारण सव्वा पौंड पाणी हवेत सोडत होतं, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडं जास्तच. १७२७ साली त्याने हे छापलं. आपण घालतो त्यातलं बहुतेक पाणी झाड ठेवून घेतच नाही, हवेला देऊन टाकतं. हे वाचलं होतं तेव्हा मला उगीच अभिमान वाटला होता, की मी आख्ख्या हवेला पाणी घालते. आता तो मान डब्याचा.

हं, आणि मावा. मोगऱ्याच्या कोवळ्या शेंड्यावर मावा धरला की पहिल्या दोन दिवसांत नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने निघतो. पिठ्या ढेकूण पानाच्या बगलेत कापसासारखा दिसायला लागला की लगेच टिपावा लागतो. मुंग्यांची रांग खोडावरून वर जात असेल तर समजावं, वर कोणीतरी गोड पाझरवतंय. डब्याला यातलं काय दिसणार? झालं, जिंकले मी. पण लगेच मनात आलं, बघायला तुला कोणी मनाई केलीय? डबा पाणी घालतो; तू जा, पानं उलटून बघ, मुंग्या मोज.

गेले का मी? नाही गेले. गेल्या आठवड्यात गच्चीचं दार उघडलं ते कपडे वाळत घालायला.

आणि इथे माझा दिवसभराचा सगळा युक्तिवाद कोसळला. मला वाटायचं, मी फुलं बघायला जाते आणि जाता जाता पाणी घालते. तसं नसावं. मी नाही गेले तर कोणीतरी मरेल, एवढं असलं तरच माझे पाय तिकडे वळतात. नुसत्या सुंदर गोष्टीसाठी वळत नाहीत. औषधांच्या वेळा होत्या तेव्हा तर रात्री दोनलाही गजराशिवाय जाग यायची. आता... जाऊ दे, तो विषय आज नको.

ताईला हे अर्धवट सांगितलं तर तिने तो वृद्धाश्रमाचा प्रयोग पुन्हा ऐकवला. तिला तो पाठ आहे. एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन, अमेरिका, १९७६. एका मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना एकेक रोप दिलं आणि सांगितलं, हे तुमचं, याला सांभाळायचं तुम्ही. खोलीतलं सामान कसं लावायचं, सिनेमा कधी बघायचा, हेही तुम्हीच ठरवा. दुसऱ्या मजल्यावर तेच रोप, पण पाणी परिचारिका घालतील. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत, जास्त बोलकी. दीड वर्षानंतर तर दुसऱ्या मजल्यावर मृत्यूचं प्रमाण दुप्पट दिसलं. ताई हे शेवटचं वाक्य नेहमी आवाज खाली आणून सांगते. मी तिला नेहमीप्रमाणे आठवण करून दिली की त्या मृत्यूंच्या आकडेमोडीत चूक होती, १९७८ मध्ये दुरुस्ती छापली गेली आणि तो फरक सांगितला होता तितका पक्का उरला नाही. शिवाय रोपाने झालं की सिनेमा निवडू दिला म्हणून झालं, हे वेगळं कसं काढणार? ताई म्हणाली, "तू वाद घाल. पण तू सध्या दुसऱ्या मजल्यावर आहेस." फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तिला मनातल्या मनात उत्तरं देत होते.

तरतरी म्हणजे काय, ते मात्र मला ठाऊक आहे. सकाळचं ते एक कारण. उठायचं कशाला, हा प्रश्न पडायच्या आत पाय गच्चीत पोचलेले असायचे. अंगावर कोवळं ऊन, वाकणं, उठणं, भरलेली झारी या हातातून त्या हातात. कोरड्या मातीवर पाणी पडलं की येणारा तो वास. मातीतले सूक्ष्मजीव तो तयार करतात, आणि माणसाच्या नाकाला तो इतका बारीक कळतो की अब्जावधी कणांत एखाद-दुसरा कण पुरतो. काल रात्री अस्वस्थ केलेल्या गोष्टी तिसऱ्या कुंडीपर्यंत पुसट व्हायच्या. सुटायच्या नाहीत, पुसट व्हायच्या. तेवढंही पुष्कळ असतं. आता सकाळी सहाला 'टक्' ऐकू येतं आणि मी कूस बदलते.

आज दुपारी मात्र एकदम हसू आलं. व्हॅन हेल्माँट आठवला. सतराव्या शतकातला हा विद्वान. दोनशे पौंड कोरड्या मातीत पाच पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड भरलं एकशे एकोणसत्तर पौंड, माती घटली जेमतेम दोन औंस. निष्कर्ष काय काढला? झाड सगळं पाण्याचं झालं! आता मला सांगा, पाच वर्षं इमानाने झारी धरणाऱ्याला दुसरं काय सुचणार? हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून झाडाने आपलं अंग उभं केलं, हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नव्हतं. त्याचा प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये छापून आला, म्हणजे शेवटपर्यंत तो समाधानात असणार. माझंही तसंच चाललं होतं की. ऊन फुकट, हवा फुकट, हिरवेपणाची सगळी मेहनत पानांची, आणि मिरवणार कोण, तर झारी.

शिवाय ही गरज आली कुठून? मोगऱ्याची मुळं जमिनीत असती तर ओल शोधत खाली, बाजूला, कुठवर गेली असती. मी त्याला बारा इंचांच्या मातीच्या भांड्यात बसवलं. आता त्याची मुळं भिंतीला लागून गोल गोल फिरतात, दोन दिवस पाणी नाही मिळालं की कळ्या गळतात, आणि मी डोळ्यांत पाणी आणून म्हणते, माझ्यावाचून याचं कसं होणार! आधी पळायच्या वाटा बंद करायच्या आणि मग पाणी पाजायचं. हे फक्त कुंडीबद्दल लिहितेय. वाचताना मलाच आणखी एक-दोन नावं आठवली, ती लिहीत नाही.

जिन्याशेजारी गुलबक्षी आहे. तिला कोणी लावलेलं नाही, कोणी पाणी घालत नाही. जमिनीत तिचं गाजरासारखं जाड मूळ आहे, त्यात तिची स्वतःची साठवण. दुपारी चारच्या सुमारास आपली आपण उमलते, रात्रभर फुललेली असते, सकाळचं ऊन चढलं की मिटते. इतकी वर्षं तिच्यावरून ये-जा केली, फुलं किती सुरेख आहेत तेही माहीत आहे, पण जीव असा कधी गुंतला नाही. तिला माझं काही लागतच नाही ना. आज चारला मुद्दाम पायरीवर जाऊन बसले. एक फूल सोडलं तर तिने काही खास दाखवलं नाही. आणि मलाही फार वेळ बसवलं नाही, खरं सांगायचं तर. पण गेले. पाण्याच्या निमित्ताशिवाय गेले, एवढं नोंदवून ठेवते.

संध्याकाळी बियांच्या डब्यातून पाकिटं काढली. झिनिया, पेटुनिया आणि मी कधीतरी शेंगा फोडून जमवलेला तेरडा. ट्रे भरले. झिनियावर मातीचा पातळ थर दिला. पेटुनियाचं बी धुळीइतकं बारीक, त्याला उजेड लागतो, ते झाकायचंच नाही, नुसतं मातीवर भुरभुरायचं. आणि मुद्दा हा की इथे ठिबक चालत नाही. वरून पडणारा थेंब मातीत खड्डा करतो, बी वाहून कोपऱ्यात जातं. बारीक तुषार मारावे लागतात, तेही दिवसातून दोनदा-तीनदा बघून, माती वरून सुकायच्या आत. झिनिया चार-सात दिवसांत कोंब काढेल. पेटुनिया जास्त वेळ घेईल, आणि त्या काळात एखादी दुपार विसरलं तरी संपलं.

म्हणजे काय, तर स्वतःला कामाला लावायला मी शे-दीडशे जीव परावलंबी करून ठेवलेत. दिसतंय मला. कंबर आत्ताच बोलायला लागली आहे. तिला सांगितलं, फवाऱ्याची बाटली हलकी असते, गप्प बस.

हौसेने ट्रेचा फोटो धाकट्याला पाठवला. त्याचं लगेच उत्तर: "वा आई! यांच्यासाठी बारीक तुषार उडवणारा फॉगर मिळतो, त्याच टायमरला जोडता येईल. पुढच्या वेळी येतो तेव्हा लावून देतो."

मी अजून उत्तर दिलेलं नाही. उद्या सांगेन, नेटवर्क नव्हतं.