आमची वाटचाल : माझगावच्या नूडल्स

मुंबईतल्या चायनीजच्या गाड्या आणि ठाण्या-कल्याणची लहान हॉटेलं हे आमचं मुख्य गिऱ्हाईक. नवा माणूस दुकानात आला की आधी माझ्या चेहऱ्याकडे बघतो, मग विचारतो, "शेठ, तुम्ही चीनहून कधी आलात?" मी माझगावात जन्मलो, वडीलही माझगावातच. आले होते ते येये, म्हणजे माझे आजोबा.

येये दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँगचे, बोटीवर सुतारकाम करायचे. त्यांच्याच भागातल्या दर्यावर्दी लोकांनी १९१९ साली माझगावात सी यिप कून हे देऊळ उभारलं. खाली क्वान यिन देवी, वरच्या मजल्यावर शौर्याचा देव क्वान कुंग. आमच्या नववर्षाच्या आदल्या रात्री आम्ही आजही तिथं उदबत्ती लावतो.

वडिलांना गोदीत काम मिळालं होतं. १९६२ साली चीनशी युद्ध झालं आणि कायदा असा आला, की आई-बाप किंवा आजी-आजोबा चीनचे नागरिक असतील तर इथं जन्मलेल्यालाही परक्यांचे नियम लागू. आसाम, उत्तर बंगालमधली सुमारे ३,००० माणसं, त्यांत तान्ही मुलंही, राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबली गेली. आम्ही त्यातून वाचलो. वडिलांची नोकरी मात्र गेली. ओळखीची घरं एकेक करून कॅनडाला निघून गेली. आजी म्हणाली, आपण इथंच राहायचं. माझ्या मते आमच्या धंद्याचा पाया तिनंच घातला.

तिला नूडल्स येत होत्या. मैदा, मीठ, पाणी आणि थोडा क्षार. क्षारानं नूडल्सला ताण येतो, उकळत्या पाण्यात त्या लवकर मऊ पडत नाहीत. चिनी क्षार मिळेना, तेव्हा शेजारच्या मावशींनी तिला पापडखार आणून दिला. आम्ही अजून तोच वापरतो. पावसाळ्यात माल वाळत नाही, म्हणून त्या चार महिन्यांत वाफवलेली ओली नूडल्सच विकायची, ही शिस्तही तिचीच.

१९७५मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वांग यांनी चिकन मंचुरियन केलं. ते कोलकात्यात जन्मलेले, आमच्यासारखेच चिनी वंशाचे. पुढं नाक्यानाक्यावर गाड्या लागल्या आणि आमची मागणी वाढली. ट्रिपल शेजवान चीनमध्ये मिळत नाही म्हणून लोक त्याला नकली म्हणतात, ते मला पटत नाही. या शहरात वाढलेल्या माणसांनी या शहराच्या जिभेसाठी केलेलं ते जेवण आहे. अस्सल मुंबईचं.

२०२०मध्ये सीमेवर तणाव वाढला, तेव्हा दोन-तीन व्यापाऱ्यांनी पाकिटावरचं चिनी अक्षर काढायला सांगितलं. ते आमचं आडनाव आहे. बायको देवरुखची, एरवी शांत, त्या दिवशी तीच ठामपणे म्हणाली, "आडनाव पुसून माल विकायचा नाही." अक्षर राहिलं, खाली मोठ्या देवनागरीत 'माझगाव, मुंबई' आलं. एक व्यापारी तुटला, बाकीचे टिकले.

आता मुलगी हिशेब आणि ऑर्डरी बघते. तिला आमची कँटोनीज भाषा समजते, बोलता येत नाही, आणि याची मला खंत आहे. कामगारांना दिवाळीला बोनस आणि आमच्या नववर्षाला पैशांचं लाल पाकीट, दोन्ही तीच वाटते. यंदा तिला तांदळाच्या नूडल्स सुरू करायच्या आहेत, कोकणातल्या तांदळाच्या. पहिला घाणा तुटला. दुसऱ्यासाठी पीठ दळायला दिलं आहे.