तुंगसाठी चार वाजेपर्यंत

पवना धरणाजवळच्या तिकोना किल्ल्यावर जाणारे बहुतेक जण अकराच्या आत खाली उतरलेले असतात. त्यामुळेच तिथून दिसणाऱ्या तुंग किल्ल्याचे चांगले फोटो इतके कमी बघायला मिळतात, असं माझं ठाम मत आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी भाच्याला घेऊन गेले ती दुपार वरच काढायची असं ठरवूनच. कोथरूडहून पौड, कोळवण करत तिकोना पेठेत पोचलो. चपेटदान मारुतीला हात जोडले, शेवटच्या खड्या पायऱ्या तारेला धरून चढलो आणि त्र्यंबकेश्वराच्या देवळाजवळ सॅक टेकवल्या.

माथ्यावरून उत्तरेकडे लोहगड-विसापूर आणि पवनेच्या पाण्यापलीकडे, वायव्येला, तुंग. सकाळचं ऊन लोहगड-विसापूरवर बाजूने पडतं, तुंगवर मात्र आपल्या पाठीमागून, थेट त्याच्या तोंडावर. सह्याद्रीत या फरकाला फार किंमत आहे. आपले डोंगर म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक बसलेले थर: कडा, उतार, पुन्हा कडा. ऊन तिरकं आलं की कड्याची सावली खालच्या उतारावर पडते आणि थर अक्षरशः मोजता येतात. आपल्या पाठीमागून थेट आलं की तोच डोंगर हिरवा पडदा टांगल्यासारखा सपाट दिसतो.

म्हणून सकाळी फक्त लोहगड-विसापूर. लेन्सवर पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, लावला, कारण सूर्य बाजूला असतानाच त्याचा खरा उपयोग. धुरकटपणा कमी होतो, गवताची चमक जाते. लेन्स लांबची, 70-200 मिमी. माथ्यावर पोचल्यावर सगळ्यांनाच वाइड लेन्स लावायचा मोह होतो आणि फोटोत आभाळच आभाळ, डोंगर मात्र नखाएवढे येतात. लांबच्या लेन्सने मागची रांग पुढच्या रांगेला येऊन भिडते. लोहगड गेल्या वर्षी, 2025 मध्ये, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्याचा रुबाब दिसायचा तर तो फ्रेममध्ये मोठाच हवा.

बाराच्या सुमारास ऊन डोक्यावर आलं. "मावशी, चल ना, सगळे गेले," भाचा म्हणाला. त्याला दशमी आणि शेंगदाण्याची चटणी दिली आणि पाण्यावर सरकणारी ढगाची सावली दाखवली. भर दुपारी ऊन काही कामाचं नसतं, पण ढगांच्या सावल्या असतात. पुढची टेकडी सावलीत आणि मागची उन्हात, एवढं जमलं की फोटोला खोली येते. ते जमेपर्यंत मी कड्यापासून चार पावलं मागे, सोनकीच्या झुडपाशी बसून होते. पिवळ्या फुलावर एक मधमाशी, पायांना पराग चिकटलेले. पठ्ठ्याने तिचा मोबाइलवर इतका जवळून फोटो घेतला की पराग सुटे सुटे दिसतात. मग मात्र त्याने खाली जायचं नाव काढलं नाही.

तीननंतर सूर्य नैऋत्येकडे कलला आणि तुंगवरचं ऊन डावीकडून, जरा समोरून यायला लागलं. आता तुंगचा सुळका पाण्यावरून वेगळा सुटा झाला, मागच्या रांगा एकीपेक्षा एक फिक्या होत गेल्या. सकाळी नकोसा वाटणारा धुरकटपणा इथे हवाच. उजेड थेट लेन्समध्ये शिरत होता, म्हणून भाच्याला त्याची टोपी लेन्सच्या वर आडवी धरायला सांगितलं. छिद्र एफ/8, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), आणि एक्स्पोजर पाण्यावरची चकाकी फाटणार नाही, म्हणजे निव्वळ पांढरी होणार नाही, इतपतच. सावल्या घरी उघडता येतात, फाटलेला पांढरा परत येत नाही. चारच्या आसपासची फ्रेम मनासारखी आली. त्यात तुंगच्या अंगावरचे तिन्ही टप्पे स्पष्ट आहेत.

लगेच उतरलो, त्या पायऱ्या अंधारात नकोत. घरी प्रोसेस करताना धुरकटपणा काढणाऱ्या डीहेझला हातही लावला नाही. ज्या विरळ होत जाणाऱ्या रांगांसाठी दिवसभर थांबलो, त्याच त्याने पुसल्या असत्या.

पुढच्या खेपेला तुंगवरून तिकोना. तिथून तो आग्नेयेला येतो, म्हणजे हाच उजेड सकाळी मिळेल आणि तुंगवाडीत उजाडायच्या आत पोचावं लागेल. भाचा तयार आहे, त्याच्या आईला अजून विचारायचंय.