स्वतः जोडलेला पहिला संगणक

सुटे भाग आणून डेस्कटॉप संगणक स्वतः जोडायचा असे ठरवले, तेव्हा जोडणीपेक्षा निवडच अधिक वेळ खाईल याची मला कल्पना नव्हती. प्रोसेसर एएम५ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसवण्याची खोबण) घेतल्यामुळे मदरबोर्ड, म्हणजे सारे भाग जोडायचा मुख्य फलक, त्याच सॉकेटचा आणि रॅम ही तात्पुरती स्मृतीही डीडीआर५ प्रकारचीच घेणे भाग होते, कारण आधीच्या पिढीतील डीडीआर४ रॅमच्या पट्टीची खाच वेगळ्या जागी असल्याने ती त्या स्लॉटमध्ये बसतच नाही.

प्रत्यक्ष काम करताना सर्वाधिक धास्ती वाटली ती प्रोसेसरची. या सॉकेटच्या १७१८ नाजूक पिना मदरबोर्डवरच असतात. म्हणून कोपऱ्यातील त्रिकोणी खूण जुळवून प्रोसेसर अलगद ठेवायचा, बोटाने मुळीच दाबायचा नाही आणि मगच तरफ खाली आणायची. त्या तरफेला इतका जोर लागतो की काहीतरी मोडणार असे वाटून मी दोनदा हात मागे घेतला. त्यानंतर थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप), कूलर, एसएसडी (माहिती साठवणारा भाग) आणि वीजपुरवठ्याच्या तारा हे सारे तासाभरात उरकले.

बटण दाबल्यावर पंखे फिरले, पडदा मात्र काळाच राहिला. रॅम पुन्हा काढावी का, या विचारात असतानाच (पुस्तिका आधी नीट वाचली असती तर हा घोर टळला असता) बायॉसची, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरील प्रणालीची, अक्षरे उमटली. नवी डीडीआर५ रॅम पहिल्यांदा ओळखून तिच्याशी जुळवून घ्यायला मदरबोर्डला काही मिनिटे लागू शकतात. रॅमचा वेग बायॉसमध्ये ४८०० (मेगाट्रान्सफर प्रति सेकंद) दिसत होता. वेष्टनावर छापलेला ६००० हा वेग मिळवण्यासाठी बायॉसमधील एक्स्पो हा रॅमच्या वेगाचा तयार पर्याय आपणच चालू करावा लागतो.