मोगऱ्याचा पहिला बहर ओसरला की कात्री घ्या

एप्रिल निम्मा झाला की परसातला मोगरा थबकतो. फुलं संपतात, शेंड्याला वाळकी देठं उरतात, आणि बहुतेक घरी झाड तसंच सोडून पावसाची वाट बघतात. दुसरा बहर तिथेच हातचा जातो. मोगऱ्याला कळी धरते ती नव्या फुटव्याच्या टोकाला, फुलून गेलेल्या टोकावर पुन्हा नाही. जितकी नवी टोकं, तितकी फुलं.

वाळक्या झुबक्यापासून खाली पानांच्या दोन जोड्या मोजा आणि दुसऱ्या जोडीच्या जरा वर, साधारण अर्धा सेंटिमीटर सोडून कापा. पानं समोरासमोर असल्याने प्रत्येक जोडीच्या बगलेत दोन डोळे, म्हणजे फुटव्याचे अंकुर, असतात, म्हणून एका फांदीच्या दोन होतात. याहून लांब खुंट ठेवलात तर तो वाळत खाली येतो आणि डोळाही मारतो. अगदी लागून कापलंत तर डोळा चिरडतो. कात्रीला धार हवीच. काथ्या कापायची बोथट कात्री फांदी दाबते, आणि दाबलेली जागा काळी पडते. आतल्या बाजूच्या काटकुळ्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या मात्र बुडातून काढा.

गुडघ्याएवढं झाड ठेवणारी मोठी छाटणी डिसेंबर-जानेवारीची. ती मे महिन्याच्या उन्हात केली तर उघडं पडलेलं खोड करपतं. आत्ता एक तृतीयांशाहून जास्त झाड कमी करायचं नाही.

कापल्यापासून फूल यायला महिना-सव्वा महिना धरा. म्हणून एप्रिलअखेरच्या आत काम उरकावं. मिरगाच्या पावसात भिजलेल्या कळ्या तपकिरी पडून गळतात. बटमोगरा, म्हणजे गोल, दाट पाकळ्यांचा मोगरा, हळू वाढतो, त्याला आणखी आठवडाभर आधी हात घाला.

छाटणीनंतर 100 ग्रॅम शेंगदाण्याची पेंड 1 लिटर पाण्यात तीन दिवस भिजवा, मग 10 लिटर पाण्यात मिसळून कुंडीला एक तांब्या द्या. युरिया नको, नुसता पाला माजतो. कोकणातल्या जांभ्याच्या लाल मातीत पाणी टिकत नाही, तेव्हा आळ्यात पाचोळ्याचा थर हवा. पानांच्या कडा करपल्या तर दोष छाटणीचा नसतो: खाडीजवळच्या विहिरींचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं, ते आधी चाखून बघा.

फुटवे आले पण कळी नाही, तर ऊन कमी पडतंय. माडाच्या विरळ सावलीत चालतं, आंब्याखाली नाही. पाच-सहा तास ऊन लागतंच. कळीला भोक दिसलं तर आत अळी आहे, ती कळी खुडून लगेच नष्ट करा. पानं फिकट, खाली बारीक जाळी म्हणजे कोळी ही बारीक कीड. तीन-चार दिवस सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा.

छाटलेली कोवळी टोकं रुजवायला घेऊ नका, उन्हात ती माना टाकतात. रोपं हवी असतील तर जूनमध्ये, पाऊस लागल्यावर, तीन-चार पेरांची जरा निबर काडी घ्या आणि दोन पेरं मातीत जातील अशी खोचा.