तुम्ही विचारलंत म्हणून: लॉगबुक, लॉगिन आणि लॉग टेबल

मालवण, रत्नागिरी, हर्णै अशा बंदराच्या गावांतून हा प्रश्न वारंवार येतो. बोटीवर लॉगबुक असतं, मोबाईलवर लॉगिन करावं लागतं, अकरावीची मुलं लॉग टेबल वापरतात आणि सॉ मिलमध्ये लाकडाच्या ओंडक्यालाही लॉगच म्हणतात. हे सगळे लॉग एकच का?

ओंडका, लॉगबुक आणि लॉगिन एकाच घरातले. लॉग टेबलाचं घराणं वेगळं, त्याच्याकडे शेवटी येऊ.

ओंडका हा सगळ्यात जुना अर्थ. चौदाव्या शतकापासून तो इंग्रजीत सापडतो. मुळाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. जुन्या नॉर्स भाषेत पाडलेल्या झाडाला ‘लाग’ म्हणत, त्यावरून तो आला असं काहींचं म्हणणं. त्या शब्दातला दीर्घ स्वर इंग्रजीत असा आखूड होत नाही, हा त्यावरचा आक्षेप मला पटतो. जड, ओबडधोबड वस्तूला शोभेल असा आवाज म्हणूनच शब्द तयार झाला असावा, असा दुसरा पक्ष आहे.

लाकडाचा व्यवहार करणाऱ्यांसाठी एक हिशेब इथेच सांगतो. आईन, किंजळ, फणस, साग, कुठलाही ओंडका असो, घनफूट काढताना मध्यावरचा घेर इंचांत मोजायचा, त्याला ४ ने भागायचं, आलेल्या आकड्याचा वर्ग करायचा, फुटांतल्या लांबीने गुणायचं आणि १४४ ने भागायचं. घेर ४८ इंच आणि लांबी ८ फूट असेल तर ८ घनफूट येतात. गोल ओंडक्याचं खरं घनफळ १० च्या थोडं वर असतं. हा फरक साल आणि कापताना निघणाऱ्या फाळक्यांसाठी धरलेला आहे. घेर बुंध्याकडे मोजला तर आकडा फुगतो, शेंड्याकडे मोजला तर घटतो. सालीवरून मोजला की सालीशिवाय, हेही सौद्याआधीच ठरवावं.

हा ओंडका समुद्रात गेला तो वेग मोजायला. जहाजावरून लाकूड पाण्यात टाकायचं, ते जवळपास जागेवर राहतं आणि जहाज पुढे जातं. दोघांमधलं अंतर ठरावीक वेळात किती वाढलं, तो वेग. १५७४ साली इंग्लंडमध्ये छापलेल्या नौकानयनाच्या एका पुस्तकात दोरीच्या लॉगचं वर्णन आहे.

पुढे ओंडक्याच्या जागी फळी आली, नाव मात्र तेच राहिलं. फळी चतुर्थांश वर्तुळाच्या आकाराची, त्रिज्या साधारण ६ इंच. गोल कडेला शिसं ठोकलेलं, म्हणजे ती पाण्यात उभी राहते आणि पाणी धरून ठेवते. तीन कोपऱ्यांना तीन दोऱ्या, त्यांतली एक नुसत्या खुंटीने अडकवलेली. त्यामागे रिळावर गुंडाळलेली लांब दोरी. दोरीचा पहिला भाग, १० ते २० वाव (एक वाव म्हणजे ६ फूट), बिनखुणेचा सोडतात, कारण जहाजाच्या मागे पाणी घुसळलेलं असतं आणि फळी त्यातून बाहेर पडल्याशिवाय मोजणी सुरू करण्यात अर्थ नाही. तिथे पांढरी चिंधी बांधलेली. चिंधीपासून दर ४७ फूट ३ इंचांवर खूण, आणि कितवी खूण ते कळावं म्हणून तिथल्या सुतळीला तेवढ्या गाठी.

काम तिघांचं. एकाने रीळ डोक्याच्या वर धरायचं, दुसऱ्याने वाळूचं घड्याळ सांभाळायचं, तिसऱ्याने फळी टाकून दोरी हातातून सोडायची. चिंधी हातातून गेली की घड्याळ उलटायचं. वाळू संपली की ओरडायचं आणि दोरी घट्ट पकडायची. झटक्याने खुंटी निघते, फळी आडवी पडते आणि ओढून घेता येते. हातातून सहा गाठींची खूण गेली असेल तर वेग ६ नॉट. नॉट म्हणजे गाठच.

एक नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल (समुद्री) मैल. घड्याळ २८ सेकंदांचं आणि नॉटिकल मैल सुमारे ६०७६ फुटांचा. ३६०० सेकंदांत ६०७६ फूट, तर २८ सेकंदांत ४७ फूट ३ इंच. वेग जास्त असेल तर १४ सेकंदांचं घड्याळ घेत आणि आकडा दुप्पट करत.

चूक कुठे होते, हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दोरी भिजली की आटते, गाठी जवळ येतात आणि वेग खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. म्हणून दोरी आधी भिजवून, ओली असतानाच खुणा करायच्या. दमट हवेत वाळू चिकटते, घड्याळ उशिरा संपतं, पुन्हा वेग जास्त दिसतो. उलट वर्षानुवर्षं वापरून घड्याळाचं भोक मोठं झालं तर वेग कमी दिसतो. रीळ अडखळलं आणि फळी जहाजामागे ओढली गेली, तरी वेग कमीच दिसणार.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट: लॉग पाण्यातला वेग सांगतो, जमिनीवरचा नाही. आपल्या किनाऱ्यालगत पावसाळ्यात प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, नोव्हेंबर ते जानेवारीत उत्तरेकडे. थंडीत मालवणहून रत्नागिरीला जाताना जीपीएसवरचा आकडा पाण्यातल्या वेगापेक्षा थोडा जास्त दिसतो, तो यामुळेच. बोट जोरात पळतेय असं समजून डिझेलचा हिशेब त्या आकड्यावर मांडला, तर परतीला कमी पडतं.

शाळेतल्या मुलांना हे करून दाखवायचं असेल तर मीटरमध्ये दर १४.४ मीटरवर गाठ आणि मोबाईलच्या स्टॉपवॉचवर २८ सेकंद. खाडीत हळू बोटीला ७.२ मीटर आणि १४ सेकंद पुरतात. शिडाची किंवा वल्ह्याची होडी घ्या. इंजिनच्या बोटीत दोरी पंख्यात जाण्याचा धोका असतो, शिवाय पंख्याने मागे लोटलेलं पाणी फळीलाही मागे नेतं. भरतीबरोबर एकदा, भरतीविरुद्ध एकदा मोजा आणि जीपीएसशी ताडून पाहा. प्रत्येक वेळी लॉगचा आणि जीपीएसचा आकडा यांतला फरक म्हणजे खाडीचा प्रवाह.

गाठी मोजल्या की लिहायच्या. आधी काळ्या रंगाच्या, बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्यांवर खडूने लिहीत: तास, नॉट, वाव, दिशा, वारा, शेरा. इथे वाव म्हणजे नॉटचा आठवा भाग, कारण ४७ फुटांना ८ ने भागलं की जवळजवळ ६ फूट येतात. दुपारी बारा वाजता फळीवरचं वहीत उतरवायचं. लॉगची वही ती लॉगबुक. पुढे वेगाशी संबंध नसलेल्या नोंदवह्यांनाही तेच नाव मिळालं. सरकारी जीपचं लॉगबुक, ज्यात सुरुवातीचे आणि शेवटचे किलोमीटर, कामाचं कारण आणि डिझेल लिहितात, ते त्याच वहीचं पुढचं रूप.

१९६० च्या दशकात एकच मोठा संगणक अनेकजण वाटून वापरू लागले, तेव्हा कोण केव्हा आलं आणि केव्हा गेलं याची नोंद ठेवावी लागे. नोंद करून आत येणं ते लॉगिन, नोंद करून बाहेर पडणं ते लॉगआउट. १९९७ साली इंटरनेटवरच्या नोंदवहीला ‘वेबलॉग’ नाव मिळालं आणि १९९९ मध्ये त्याचं ‘ब्लॉग’ झालं.

जुलैत चिपळूणच्या बातम्यांत येणारं ‘वॉटरलॉगिंग’ही ओंडक्याचंच. अठराव्या शतकात हा शब्द जहाजांसाठी होता: पोटात पाणी भरल्याने जड झालेलं, सुकाणूला दाद न देणारं, ओंडक्यासारखं पडून राहिलेलं जहाज.

आता लॉग टेबल. हा लॉग म्हणजे लॉगॅरिदमचं आखूड रूप. जॉन नेपियर यांनी १६१४ साली ही पद्धत प्रसिद्ध केली आणि ग्रीक ‘लोगोस’ (गुणोत्तर) व ‘अरिथमोस’ (संख्या) जोडून नाव घडवलं. लाकडाशी त्याचं काही नातं नाही. लॉजिक, कॅटलॉग, बायोलॉजी हे त्याचे नातेवाईक. जहाजावर मात्र दोन्ही लॉग शेजारी असत: लॉगबुकातली दिशा आणि अंतर घेऊन जहाज कुठे आहे हे काढायचं, तर मोठाले गुणाकार लॉगॅरिदमच्या कोष्टकांनी बेरजांवर आणावे लागत.