रेघ खाली आली आणि थरही गेला

सकाळी साडेआठला पीथमपूरच्या आमच्या लॅबचं शटर वर केलं, तर काका पायरीवरच बसलेले. मांडीवर शेवेचा रिकामा डबा, आत कापसात गुंडाळलेले सहा टॅपेट, म्हणजे इंजिनात झडपा उघडताना सतत घासले जाणारे पोलादी भाग. काकांचा कोटिंगचा छोटा कारखाना आहे. डीएलसीचा, म्हणजे हिऱ्यासारख्या कार्बनचा काळा थर ते देतात, जेमतेम दोन मायक्रॉन जाडीचा.

"पोरी, माल परत आलाय. म्हणतात, कोटिंग सोललं. मला एवढंच सांग, माझा थर धरला नाही का?"

गिऱ्हाइकाचं नाव मी इथे घेत नाही. त्यांच्या रिपोर्टात कारण म्हणून एकच ओळ होती: चिकटपणा अपुरा. त्या एका ओळीवर काकांचं पुढचं सगळं काम थांबलं होतं.

पहिला टॅपेट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. थर सोलला की कडा तुटक दिसतात, काचेचा टवका उडाल्यासारख्या. इथे तसं काही नव्हतं. मधोमध पोलाद लख्ख उघडं पडलेलं आणि भोवती काळा रंग हळूहळू विरत गेलेला: काळा, मग तपकिरी, मग निळ्या-जांभळ्या कड्या, पावसाळ्यात रस्त्यावरच्या पाण्यात तेल पसरतं तशा. थर अगदी पातळ झाला की त्यावर हे रंग उमटतात. एकदम उखडला असता तर या कड्या दिसल्याच नसत्या. तो घासून घासून संपला होता. काकांना मी आयपीसला डोळा लावायला सांगितलं. ते बराच वेळ तसेच वाकून होते.

"पण झिजेल कसा गं? पोलादापेक्षा कितीतरी कठीण आहे तो."

त्यांचा प्रश्न बरोबर होता. मी गिऱ्हाइकाकडे फोन लावला आणि विचारलं, तेल कोणतं? इंधन वाचावं म्हणून इंजिनाच्या चाचणीत नवं तेल घातलं होतं, मोलिब्डेनमचं घर्षण कमी करणारं ॲडिटिव्ह असलेलं. एमओडीटीसी म्हणतात त्याला. पोलादावर उष्णतेत आणि घासण्यात त्याचं मोलिब्डेनम डायसल्फाइड बनतं, पत्त्याच्या कॅटासारखे एकमेकांवरून सरकणारे पापुद्रे. पोलादासाठी फार गुणाचं औषध आहे ते. पण तेलातली बहुतेक ॲडिटिव्ह पोलाद डोळ्यासमोर ठेवूनच घडली आहेत. झीज रोखणारं झेडडीडीपी तर 1940 च्या दशकापासून चालत आलंय. कार्बनचा थर समोर आल्यावर ती कशी वागतील, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

मग तपासलंच. काकांच्या कोटिंगच्या डिस्क, वर पोलादाची गोळी, तेल 100 अंशांवर, प्रत्येक फेरी दोन तासांची. साध्या बेस ऑइलमध्ये, म्हणजे ॲडिटिव्ह नसलेल्या तेलात, घर्षणांक 0.1 च्या आसपास राहिला. मोलिवाल्या तेलात थोड्याच वेळात स्क्रीनवरची रेघ घसरू लागली आणि 0.05 वर स्थिरावली. काकांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदाच हसू आलं. "हे तर झकास चाललंय!"

मी काही बोलले नाही. डिस्क काढली, हेक्सेनने पुसली आणि उजेडात तिरकी धरली. काळ्या डिस्कवर चांदीच्या तारेसारखं चकाकतं वर्तुळ. खोली मोजणाऱ्या प्रोफाइलोमीटरची सुई त्यावरून फिरवली, तर खोली दोन मायक्रॉनच्या पुढे. थर संपून खालचं पोलाद लागलं होतं. साध्या तेलातल्या डिस्कवर मात्र नुसता पुसट ओरखडा. जिथे घर्षण निम्मं झालं, तिथेच थर गेला. घर्षणाचा आलेख पाहून कोटिंगला प्रमाणपत्र देणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठीच.

2007 साली जपानी अभियंत्यांनी हे मांडलं होतं: एमओडीटीसीपासून बनणारा मोलिब्डेनमचा ऑक्साइड डीएलसीच्या कार्बनवर रासायनिक हल्ला करतो. नंतरच्या काही अभ्यासांनी मोलिब्डेनम कार्बाइडकडेही बोट दाखवलं. नेमकं कारण यातलं कोणतं, यावर एकमत नाही.

तिसऱ्या फेरीत त्याच मोलिवाल्या तेलात झेडडीडीपीही मिसळलं. झीज झाली, पण थर तगला. शंका नको म्हणून मोलिवाली फेरी नव्या डिस्कवर पुन्हा घेतली. तेच चकाकतं वर्तुळ. तोवर बाहेर अंधार पडला होता. काकांनी घरून आणलेला डबा दुपारपासून तसाच पडून होता.

रिपोर्टात मी लिहिलं: चिकटपणा समाधानकारक, थर सोललेला नाही, तेलातील ॲडिटिव्हमुळे झिजला आहे. खाली त्या रंगीत कड्यांचा फोटो मोठा करून लावला. काकांनी टॅपेट परत कापसात गुंडाळले, एक मात्र माझ्या टेबलावर ठेवला.

रात्री इंदूरला घरी पोचते तोच गिऱ्हाइकाच्या इंजिनिअरचा फोन. पुढच्या चाचणीला मोलिशिवायचं, ग्लिसरॉल मोनोओलिएट हे घर्षण कमी करणारं दुसरं ॲडिटिव्ह घातलेलं तेल लावून बघतो म्हणाला. मी विचारलं, काकांशी बोललात? "तुम्हीच कळवा ना मॅडम."

मी त्याला काकांचा नंबर दिला आणि म्हटलं, माल परत पाठवताना तुम्हीच त्यांना फोन केला होता, आताही तुम्हीच करा.