पायऱ्या वाहून गेल्या तेव्हा

मे महिन्यात आम्ही रडतोंडी घाटाच्या एका वळणाखाली दगडाच्या नऊ पायऱ्या रचल्या होत्या. महाबळेश्वरहून पार गावाला उतरणारी ही जुनी वाट. १६५९ साली अफझलखान याच घाटाने पारला उतरला. जुलैत पाहणीला गेलो, तर नऊपैकी दोनच जागेवर. बाकीच्या खाली कारवीत पडलेल्या आणि वाटेच्या मधोमध गुडघाभर घळ. मला फार वाईट वाटलं. वनखात्याच्या परवानगीपासून सगळं नीट केलं होतं.

पारचे एक आबा खोळ पांघरून मागे उभे होते. म्हणाले, "पायऱ्या मागनं करा. पाणी कुठनं येतंय त्ये बघितलं का आदी?"

नव्हतं बघितलं. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या डोंगरात आम्ही वाटेची कामं उन्हाळ्यातच करत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा भर पावसात वाट चढलो. जळवा चढत होत्या, तंबाखूचं पाणी चोळून पुढे जात होतो. वर गेल्यावर कळलं की वाटेच्या दरीकडच्या कडेला मातीचा वरंबा साठलाय. पाण्याला बाहेर पडायला जागाच नाही, म्हणून ते शंभरेक पावलं वाटेवरूनच पळतं, जोर धरतं आणि आमच्या पायऱ्यांवर आदळतं.

फावड्याने वरंबा फोडत आलो. एके ठिकाणी कुदळ खणकन वाजली. माती काढली, तर वाटेत तिरकी बसवलेली दगडांची ओळ! वरच्या अंगाला डोंगराकडून सुरू होऊन खाली दरीकडे निघालेली, पाणी वाटेबाहेर काढून देणारी. दगड दोन तृतीयांश जमिनीत. कुणी, कधी बसवली, आबांनाही ठाऊक नव्हतं. मी बराच वेळ तिच्याजवळ बसून राहिलो. पुस्तकात वाचलेला तिरका बांध इथे आधीपासून होता आणि आम्ही त्याच्यावरून दहा वेळा चालत गेलो होतो.

तशीच एक ओळ खाली वळणाच्या अलीकडे घातली. चारच्या सुमारास मोठी सर आली. लाल पाणी ओळीला भिडलं, वळलं आणि झुडपात उतरलं. आम्ही ओरडलोच.

आबांनी मधल्या दगडाला पाय लावला. तो हलला.

"काढा," म्हणाले, "आनि खोल बसवा."